कोर्दोबाचं कडू नारिंग

शालूताई राऊतांनी अमरावतीच्या एका मुलींच्या शाळेत एकतीस वर्षं युरोप शिकवला, आणि त्या एकतीस वर्षांत त्या स्वतः जास्तीत जास्त लांब गेल्या त्या जगन्नाथपुरीपर्यंत. वर्गातल्या नकाशात स्पेनवर त्यांनी छडीचं टोक इतक्यांदा टेकवलं होतं की माद्रिदच्या जागी शेंगदाण्याएवढं भोक पडलं होतं. मुली हसायच्या. त्या भोकातून भिंतीचा निळा रंग दिसायचा.

निवृत्तीनंतरचं पहिलं वर्ष घर आवरण्यात गेलं. दुसऱ्या वर्षी त्यांच्या मनानं घेतलं की ज्या मुलखाबद्दल बोलून आपण आयुष्यभर पगार घेतला, तो एकदा डोळ्यांनी पाहून यावा. नवऱ्याला, म्हणजे रामरावांना, त्यांनी हे सकाळच्या चहाला सांगितलं. रामरावांचे दोन्ही गुडघे गेलेले. ते म्हणाले, तू जा, मी इथे बसून फोटो पाहीन, फोटोंना जिने नसतात.

सोबत कोण, हा प्रश्न पडलाच नाही. अकोल्याच्या गुलनारबाई त्यांच्या बावीस वर्षांपासूनच्या मैत्रीण. उर्दू शाळेत त्यांनीही इतिहासच शिकवला. दोघींची गाठ पडली ती दहावीचे पेपर तपासताना. एकीसमोर मराठी गठ्ठा, दुसरीसमोर उर्दू, आणि दोन्हीत तेच उत्तर, त्याच चुकांसकट. जेवणाच्या सुट्टीत डबे उघडले तेव्हापासून ओळख झाली ती झालीच. गुलनारबाईंचे यजमान अय्युबभाई कापडाचे व्यापारी. त्यांना दुकान सोडवत नव्हतं. त्यांनी बायकोच्या बॅगेला लाल रिबन बांधून दिली, ओळखू यावी म्हणून, आणि निरोप दिला.

शालूताईंचा धाकटा भाऊ देवीदास तेवढा नाराज होता. चांदूर बाजारला त्याची संत्र्याची बाग आणि रोपवाटिका. जंबेरी लिंबाच्या खुंटावर संत्र्याचा डोळा बांधण्यात त्याचा हात असा बसलेला की तालुक्यातले लोक त्याच्याकडे कलमं न्यायला यायचे. दगड पाहायला इतक्या दूर जायचं म्हणजे त्याला वेडेपणाच वाटत होता. पण स्पेनमध्ये संत्रा पिकतो असं त्यानं कुठंतरी ऐकलं होतं. जाण्याच्या आदल्या दिवशी त्याचा फोन आला.

"ताई, देवळं तू पाय. पण झाडापाशी गेली की मले फोन लाव. मले पान पाहाचं हाय."

फेब्रुवारी सरता सरता दोघी निघाल्या. सहल पुण्याच्या एका कंपनीची. अडतीस माणसं, त्यांतली तीस पुण्याची. बरोबर स्वयंपाकीसुद्धा होता, म्हणजे सकाळी पोहे आणि दुपारी वरणभात. सहलीची व्यवस्था पाहणारी मुलगी प्रतीक्षा, सत्तावीस-अठ्ठावीसची, टापटीप, पुस्तकात छापल्यासारखं मराठी बोलणारी. दुसऱ्या दिवशी शालूताईंनी नाश्त्याला "मले अजून चटणी देजो" म्हटलं तेव्हा पुण्याच्या दोन बायकांनी एकमेकींकडे पाहिलं, आणि प्रतीक्षाचं तोंड मात्र उगाच उजळलं. ती मूळची मूर्तिजापूरची निघाली. पण ते तिनं हळूच, एकट्या शालूताईंनाच सांगितलं.

माद्रिदच्या संग्रहालयात सगळे प्रसिद्ध चित्रांकडे धावले. शालूताईंचे पाय मात्र एका लहानशा चित्रापुढे थांबले. काळोख्या खिडकीची चौकट. वर दोरीला लिंबं आणि मारलेले पक्षी टांगलेले, खाली कठड्यावर गाजरं आणि मुळे. बस. चहूकडे सुळावरचा येशू, रडणारी आई, पंखवाले देवदूत. आणि मध्येच हा मुळा. गाजराच्या टोकाशी राहिलेलं केसासारखं बारीक मूळसुद्धा चित्रकारानं सोडलं नव्हतं. वाटाड्यानं जाता जाता सांगितलं की हे चित्र काढल्यावर थोड्याच काळात हा चित्रकार घरदार सोडून मठात गेला.

गुलनारबाई बराच वेळ चित्राकडे पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, "यानं गाजराले असं पाहिलं, जसं लोक देवाले पाहतात. मंग मठात जाचं काय काम होतं, इथंच झालं होतं ना."

शालूताईंना ते पटलं. पण प्रबोधनकाळाच्या धड्यात त्यांनी मुलींना कधी एक गाजर दाखवलं नव्हतं. धड्यात चित्रकारांची नावं होती, एका ओळीत, स्वल्पविराम देऊन.

कोर्दोबाला पोचायच्या आधी बसमध्ये प्रतीक्षानं माईक घेऊन सगळं नीट सांगितलं. ही आधी मशीद होती, मग तिचं कॅथेड्रल झालं, आत दोन्ही दिसेल. आत मुसलमानांना नमाज पढायला परवानगी नाही, हे सांगताना तिनं कागदावरची नजर वर उचलली नाही. शालूताईंनी शेजारी पाहिलं. गुलनारबाई खिडकीबाहेर जैतुनाची, म्हणजे ऑलिव्हची, झाडं मोजत असल्यासारख्या बसल्या होत्या.

"मले ठाऊक होतं," त्या म्हणाल्या. "मी पाहायले आली. तिकीट पाहायचंच काढलं हाय."

फाटकातून आत गेल्याबरोबर मोठं अंगण लागलं, आणि त्या अंगणात ओळीनं संत्र्याची झाडं. शालूताई जागीच उभ्या राहिल्या. फळांनी लगडलेली, पिवळीधमक, आणि कुणी तोडलेली नाहीत. खाली फरसबंदीवर पन्नासेक फळं पडलेली. त्यांवरून लोक चालत होते. आणि एका झाडाच्या आळ्यातून दुसऱ्याच्या आळ्यात दगडात कोरलेले पाट गेलेले, अगदी चांदूर बाजारच्या बागेत जातात तसे, फक्त मातीऐवजी दगडाचे. शालूताई साडी सावरून चक्क उकिडव्या बसल्या आणि पाटाला उतार कुणीकडे आहे ते बोटानं पाहू लागल्या.

मग त्यांनी देवीदासला फोन लावला. इथे सकाळचे अकरा म्हणजे तिकडे दुपारचे साडेतीन. तो मृग बहाराच्या तोडणीत होता. मागे क्रेट आपटल्याचे आवाज येत होते. त्यानं आधी झाड सबंध पाहिलं, मग खोड जवळून, मग म्हणाला, खाली पडलेलं पान उचल आणि देठ दाखव.

"थांब. हालवू नको," तो म्हणाला. "देठाले पंख पाय, किती रुंद हाय. ताई, हा संत्रा नाई. हे नारिंग हाय, कडू. असं झाड लोक खुंटाले वापरतात, वर डोळा गोडाचा बांधतात. इथं तं डोळा बांधलाच नाई कोणी."

त्यानं एक फळ चाखायला सांगितलं, आणि सांगताना तो हसतोय हे शालूताईंच्या उशिरा लक्षात आलं. आधी आंबट, मग कडू, मग जीभ जागेवर आहे की नाही अशी शंका. पुण्याचे एक गृहस्थ तो प्रकार मोबाइलवर टिपत होते. पण देवीदासचं हसू थांबलं होतं. त्याला खरंच कोडं पडलं होतं.

"खात नाईत, विकत नाईत, मंग हजार वर्षं हे झाड पोसून काहून राहिले? इचारून ये," तो म्हणाला, आणि तोडणीवाल्यांनी हाक मारली म्हणून गेला.

तेवढ्या वेळात फोनची बॅटरी निम्म्याहून खाली उतरली होती. शालूताईंचं तिकडे लक्ष नव्हतं.

आत गेल्यावर आधी काही दिसलंच नाही. मग खांब दिसू लागले. एकामागे एक, एकाआड एक लाल-पांढऱ्या पट्ट्यांच्या कमानी, जिकडे पाहावं तिकडे तेच, शेवट नाही. आणि त्या सगळ्याच्या मध्यात अचानक छत आभाळाएवढं वर गेलेलं आणि सोन्यानं मढवलेलं चर्च. एकाच्या पोटात दुसरं. वाटाड्या सनावळ्या सांगत होता. शालूताईंना त्या पाठ होत्या. पण पाठ असणं आणि त्यांच्या खाली उभं राहणं यांत इतका फरक असतो हे त्यांना ठाऊक नव्हतं.

गुलनारबाई सरळ मेहराबीकडे, नमाजाची दिशा दाखवणाऱ्या कोनाड्याकडे, गेल्या. तिथं लोखंडी कठडा होता. पलीकडे सोन्याच्या आणि निळ्या बारीक तुकड्यांतली अक्षरं कमानीभोवती फिरलेली. गुलनारबाईंनी पर्समधून वही आणि पेन्सिल काढली. ही जुनी कूफी लिपी, नुक्ते म्हणजे अक्षरांचे ठिपके नसलेली. त्यांच्या ओळखीच्या लिपीची पणजी म्हणावी तशी. 'अल्लाह' हा शब्द लगेच सापडला. त्याच्या पुढचा शब्द उलगडेना. त्या एकेक अक्षर वहीत उतरवायच्या, खोडायच्या, पुन्हा मान वर करायच्या. त्यांच्या कपाळावर पेपर तपासतानाची आठी पडली होती. रडणं नाही, हात उचलणं नाही. फक्त वाचायचं होतं.

प्रतीक्षा दोनदा येऊन गेली. दुसऱ्यांदा ती म्हणाली की गट निघतोय, जेवणाच्या जागी चालत जायचं आहे, आणि चार वाजता जुन्या रोमन पुलाजवळ बस येईल. शालूताईंनी येतोच म्हणून सांगितलं. गुलनारबाईंनी ऐकलंच नाही. शालूताईंना त्यांना हलवावंसं वाटलं नाही. शेवटी तो शब्द न उलगडताच दोघी बाहेर आल्या तेव्हा अंगणात जपानी माणसांचा एक गट होता, शाळेची पोरं होती, आणि आपला म्हणावा असा एकही चेहरा नव्हता.

शालूताईंनी फोन काढला. तो बंद पडलेला. गुलनारबाईंच्या फोनमध्ये परदेशी चालणारं कार्ड घातलेलंच नव्हतं, कारण शालूताईंचा होता.

गुलनारबाईंचा चेहरा उतरला. चूक आपली, असं त्या दोनदा म्हणाल्या. शालूताईंनी सांगितलं की पूल जवळच आहे, चारला अजून पावणेतीन तास आहेत, आणि वरणभात आज नाही खाल्ला तर काही मरत नाही. हे बोलताना त्यांच्या मनात भीती कमी आणि सुटका जास्त होती. जेवणाची जागा शोधावी म्हणून त्या गल्लीत शिरल्या. ती गल्ली दुसरीत गेली, दुसरी तिसरीत. पांढऱ्या भिंती, भिंतींवर टांगलेल्या निळ्या कुंड्या, आणि कुठंतरी तेल तापल्याचा वास.

एका उघड्या दारातून आतलं चौकोनी अंगण दिसलं. मध्ये नारिंगाचं झाड, आणि सत्तरीची एक बाई लांब काठीनं फळं झोडपत होती. फळ खाली पडायचं, फुटायचं, बाई काहीतरी पुटपुटायची. शालूताईंना ते पाहवेना. माहेरी असं फळ झोडलं असतं तर वडिलांनी घरात घेतलं नसतं.

"अव बाई, असं नाई," म्हणत त्या उंबरा ओलांडून आत गेल्या. गुलनारबाईंनी मागून पदर ओढला, पण उशीर झाला होता.

बाई आधी दचकली. मग शालूताईंनी काठी घेतली, टोकाला तिथंच वाळत घातलेली जाळीची पिशवी बांधली, तिचं तोंड तारेनं उघडं ठेवलं, आणि फळ पिशवीत घेऊन एक हलका पिळा दिला. फळ पिशवीत अलगद आलं. आपल्याकडे याला झेला म्हणतात. बाईनं काठी स्वतः घेऊन एक फळ काढून पाहिलं, आणि मग तिला जे हसू फुटलं ते दहा-बारा फळं निघेपर्यंत चालू राहिलं. तिचं नाव एन्कार्ना. तिला इंग्रजी येत नव्हतं, या दोघींना स्पॅनिश. पण टोपली भरली तेव्हा ती दोघींच्या दंडाला धरून स्वयंपाकघरात घेऊन गेली.

देवीदासच्या प्रश्नाचं उत्तर तिथं चुलीवर होतं. मोठ्या पातेल्यात नारिंगाची सालं, रस आणि साखर रटरटत होती, आणि बिया एका पातळ फडक्याच्या पुरचुंडीत बांधून आत सोडलेल्या. पाक घट्ट व्हावा म्हणून, हे एन्कार्नानं मुठी आवळून दाखवलं. शालूताईंनी चमचाभर चाटला. कडूपणा गेला नव्हता. पण गोडाचा हात धरून तो आता शहाण्यासारखा वागत होता. मग एन्कार्नानं कोवळी पानं चुरगळून त्यांच्या नाकाशी धरली, झाडाच्या शेंड्यावरची एक कळी दाखवली, आणि डोळे मिटून लांब श्वास घेतला. पुढच्या महिन्यात फुलं येतील, सगळी गल्ली घमघमेल, असं असावं. सावली, वास, औषध, मुरांबा. झाडानं आणखी काय द्यायचं?

फळाकडे बोट करून एन्कार्ना म्हणाली, "नारांखा."

गुलनारबाई ताठ बसल्या. "नारंज," त्या म्हणाल्या. "अरबीत नारंज. फारसीत नारंग."

"आमचं नारिंग," शालूताई म्हणाल्या.

मग खेळच सुरू झाला. एन्कार्ना वस्तू उचलायची, नाव घ्यायची, आणि गुलनारबाई मान तिरकी करून ऐकायच्या. साखर म्हणजे आसूकार. त्यांनी सांगितलं, अरबीत सुक्कर. तेल आसैते, तर अरबीत जैत. केशर आसाफ्रान, म्हणजे जाफरानच. काही शब्द जुळत नव्हते. पावाचा जुळला नाही, चुलीचा जुळला नाही. एन्कार्नाला हे सगळं कितपत कळलं कोण जाणे, पण शब्द जुळला की ती टाळी द्यायला हात पुढे करायची. शेवटी तिनं टोपलीतून एक जांभळं वांगं उचललं.

"बेरेनखेना."

"बादिंजान," गुलनारबाई म्हणाल्या, आणि दोघी मैत्रिणींनी एकमेकींकडे पाहिलं. बैंगन, वांगं. आईच्या हातची भाजी परक्या घरात पदर घेऊन उभी राहावी तसं झालं.

एन्कार्नानं वांग्याचे काप केले, पिठात घोळले, तेलात सोडले. काप तळले जाताहेत तोवर तिनं फळीवरचा सुक्या मांसाचा मोठा तुकडा खाली घेतला आणि पातळ चकत्या काढू लागली. गुलनारबाईंनी हात छातीशी नेऊन नम्रपणे नको म्हटलं. सकाळीच वाटाड्यानं सांगितलं होतं की एके काळी या देशात आपण पक्के ख्रिस्ती आहोत हे शेजाऱ्यांना दिसावं म्हणून लोक डुकराचं मांस मुद्दाम दारात टांगायचे. शालूताईंना ते आठवलं आणि त्या एन्कार्नाच्या हातांकडे पाहू लागल्या.

एन्कार्नानं गुलनारबाईंच्या डोक्यावरच्या ओढणीकडे पाहिलं. मग मांस फळीवर ठेवून दिलं, चकत्या झाकल्या, कापायचा पाट उचलून मोरीत टाकला, हात साबणानं कोपरापर्यंत धुतले आणि कपाटातून दुसरा पाट, दुसरी सुरी काढली. परत येऊन तिनं वांगी उलटवली. जणू पाहुणे आल्यावर हे करायचंच असतं.

काप ताटात आले आणि त्यांवर तिनं बाटलीतून काळसर, घट्ट धार सोडली. शालूताईंनी बोट लावून पाहिलं. काकवी. उसाची. वांग्यावर काकवी घालायचं चांदूर बाजारात कुणाच्या स्वप्नात आलं नसतं, आणि तरी पहिल्या घासाला त्यांना वाटलं, हे आपल्याला कुणीच कसं सांगितलं नाही.

जेवण झाल्यावर गुलनारबाईंनी खुणेनं पाणी मागितलं, हात-पाय धुण्यासारखं. एन्कार्नाला समजायला थोडा वेळ लागला. भिंतीवर मेरीची तसबीर होती. गुलनारबाईंनी तिच्याकडे पाहून "मरियम" म्हटलं, मग स्वतःकडे बोट केलं आणि ओंजळ उघडली. एन्कार्नानं रेडिओ बंद केला आणि अंगणात झाडाखालची जागा झाडून दिली.

दिशा पाहायला गुलनारबाईंनी फोनमधलं होकायंत्र उघडलं आणि त्यांच्या कपाळावर पुन्हा आठी पडली. "मशिदीतली मेहराब दक्षिणेले होती. मक्का तं इथून पूर्वेकडं पाहिजे," त्या म्हणाल्या. "त्यायनं असं काहून केलं असन?" शेवटी त्यांनी होकायंत्राचं ऐकलं. ओढणी अंथरावी तर डोक्यावर काय, म्हणून शालूताईंनी आपली शाल दिली. गुलनारबाई नमाज पढत होत्या तेवढा वेळ शालूताई आणि एन्कार्ना पायरीवर बसून बिया वेगळ्या करत राहिल्या. एक पिकलं फळ धप्पकन पडलं. कुणी उठलं नाही.

पुलाजवळ पोचायला सव्वाचार झाले. प्रतीक्षा रस्त्याच्या मधोमध उभी होती, डोळे लाल. तिचं छापील मराठी पार वाहून गेलं होतं.

"कुठी गेल्त्या तुमी? दोन तास झाले मी ह्या गल्ल्या पालथ्या घालून राहिली. एवढ्यात पोलिसायले फोन करणार होती. माह्या जिवाचं पाणी झालं काकू."

शालूताईंची मान खाली गेली. आपल्या मजेची किंमत ही पोर भरत होती, हे त्यांना त्या घरात एकदाही सुचलं नव्हतं. त्यांनी माफी मागितली, सबबी न सांगता. बसमध्ये सगळ्यांसमोर माईकवरूनही मागितली, आणि ती वऱ्हाडीतच मागितली. त्या रात्रीचा गटाचा अहवाल लिहिताना प्रतीक्षानं काय लिहिलं ते कळलं नाही. पण दुसऱ्या दिवशी नाश्त्याला तिनं एन्कार्नानं दिलेल्या बरणीतला मुरांबा पोळीला लावून घेतला आणि दोघींच्या टेबलावर येऊन बसली.

सेवियाच्या कॅथेड्रलमध्ये ब्राँझचे चार राजे कोलंबसाची शवपेटी खांद्यावर घेऊन उभे आहेत. गटातल्या सगळ्यांनी तिथं फोटो काढले. शालूताई एकतीस वर्षं शिकवत आलेलं एक वाक्य मनात म्हणून गेल्या: तुर्कांनी कॉन्स्टँटिनोपल जिंकलं, खुष्कीचा मार्ग बंद झाला, म्हणून युरोपीय लोक सागरी मार्गाच्या शोधात निघाले. उर्दू पुस्तकातही तेच वाक्य होतं. चार गुणांचा प्रश्न; एक गुण सनाचा.

गुलनारबाई त्याच वाक्यावर येऊन थांबल्या होत्या.

"शालूताई, रस्ता बंद झाला इथूनच आपण धडा सुरू केला," त्या म्हणाल्या. "मंग नारिंग त्याच्या चार-पाचशे वर्षं आधी इथं आलं, वांगं आलं, साखर आली, ते कोण्या रस्त्यानं? तो रस्ता चालू होता तेव्हाचं आपण एक ओळबी नाई शिकवली."

शालूताईंनी मनात ते चार गुणांचं उत्तर पुन्हा चाळून पाहिलं. मॉडेल उत्तरात ते नव्हतं.

अमरावतीला परतल्यावर आठवडाभर त्या रामरावांना फोटो दाखवत होत्या. देवीदास स्वतः येऊन गेला. पाटांचे फोटो त्यानं तीनदा पाहिले, आणि फुलांच्या वासासाठी झाड ठेवतात हे कळल्यावर झाडाचा फोटो बोटांनी मोठा करून पाहिला. गुलनारबाईंना तो शब्द अजून उलगडलेला नव्हता. त्यांनी वहीचं पान एका जाणकाराला पाठवलं होतं, आणि त्यानं कळवलं की उतरवताना त्यांनी एक अक्षर चुकवलं असावं.

जूनमध्ये शाळा सुरू झाल्यावर गुलनारबाईंच्या जुन्या शाळेनं त्यांना सहलीबद्दल बोलायला बोलावलं. त्यांनी अट घातली की शालूताई बरोबर येतील आणि बोलणं शाळेच्या स्वयंपाकघराजवळ होईल. म्हणून एका शनिवारी सकाळी शालूताई काकवीची बाटली घेऊन अकोल्याला उतरल्या. वांगी आणायला त्यांनी शाळेच्या फाटकाशी बसणाऱ्या जमुनाबाईंना सांगून ठेवलं होतं. जमुनाबाई घरच्याच शेतातला माल विकायच्या. काटेरी वांग्यांची पाटी घेऊन त्या आल्या, ठेवून जाणार होत्या, पण काप तळायला सुरुवात झाली म्हणून दारात टेकल्या.

दोघी आळीपाळीनं बोलल्या. नकाशा होता, पण या खेपेला शालूताईंनी छडी स्पेनवरून सुरू केली नाही. ती त्यांनी आपल्याकडून उचलली आणि इराण, बगदाद, इजिप्त, उत्तर आफ्रिकेचा किनारा करत, पाण्याची चिंचोळी पट्टी ओलांडून कोर्दोबापर्यंत नेली. गुलनारबाईंनी प्रत्येक मुक्कामावर वांग्याचं तिथलं नाव फळ्यावर लिहिलं, माहीत होतं तिथं. दोन मुक्काम मोकळे राहिले. कोणत्या खलिफाच्या काळात काय गेलं, तेही फळ्यावर लिहून सांगून झालं. मुलींनी काप खाल्ले; काहींना काकवी आवडली, काहींनी पुसून टाकली.

प्रश्न विचारा म्हटल्यावर मुली नेहमीसारख्या एकमेकींना कोपरानं ढोसू लागल्या. तेव्हा दारातून जमुनाबाई म्हणाल्या, विचारलं तर चालते का.

"बाई, हे वांगं इतकं दूर गेलं, म्हंजे बी गेलं असन ना? वांगं तं चार दिवसात सडते."

शालूताई म्हणाल्या, हो, बीच गेलं असणार.

"मंग बी धरलं कोणी? फळ झाडावर पिवळं होऊ द्या लागते, कुजवा लागते, धुवा लागते, राखेत सुकवा लागते. माह्या घरी हे काम सासू करे, आता मी करतो. बाप्या माणसाच्या हातानं बी टिकत नाई, ते लवकर तोडतात." जमुनाबाईंनी फळ्याकडे पाहिलं, जिथं खलिफांची नावं होती. "यायच्यासंगं बाया होत्या का?"

शालूताईंनी गुलनारबाईंकडे पाहिलं. गुलनारबाईंनी हळूच मान हलवली. हो म्हणून नव्हे, माहीत नाही म्हणून.

"ठाऊक नाई, जमुनाबाई," शालूताई म्हणाल्या. "कुठी लिहेल हाय का, तेबी ठाऊक नाई. पण शोधतो."

गुलनारबाईंनी खडू उचलला आणि फळ्याच्या खालच्या मोकळ्या पट्टीत, उर्दूत आणि मग मराठीत, तो प्रश्न जसाच्या तसा लिहिला. मागच्या बाकावरच्या एका मुलीनं वही उघडली. तिची आजी कापसाचं बी कसं ठेवते ते तिला सांगायचं होतं. तिच्या शेजारणीला तिळाचं ठाऊक होतं. घंटा झाली तरी बोलणं चालूच राहिलं, आणि जमुनाबाई पाटी बाजूला सारून आत येऊन पहिल्या बाकावर बसल्या.